उभ्या गाडीची बॅटरी उतरते? नवीन घ्यायच्या आधी करंट कुठे जातोय ते घरीच शोधा

सोमवारी सकाळी ऑफिसला निघायचं, चावी फिरवायची, आणि बोनेटखालून नुसतं टक टक टक टक. डॅशबोर्डचे दिवे मंद होऊन विझतात. शेजारचे काका गॅलरीतूनच निदान करतात, "अरे बॅटरी गेली तुझी, बदलून टाक की." मी पण शहाण्यासारखी बदलली. तीन आठवडे गेले आणि परत सोमवारीच टक टक टक, ते पण कोऱ्या बॅटरीवर.

तेव्हा कुठे डोक्यात आलं की मंगळवार ते शुक्रवार ही बया व्यवस्थित चालते, फक्त सोमवारीच मरते, आणि शनिवार-रविवार गाडी खाली उभी असते. म्हणजे बॅटरीचा दोष नव्हताच, गाडी बंद असताना कुणीतरी गुपचूप करंट पीत होतं. टाकी बदलून काय उपयोग, नळ गळतोय तर.

हा गळका नळ घरच्या घरी, पार्किंगमध्ये, एका साध्या मल्टीमीटरवर सापडतो. मला दोन रविवार लागले कारण पहिला मी चुका करण्यात घालवला. तुम्हाला एकच लागावा म्हणून हे सगळं लिहितोय. आधीच सांगतो, हे साध्या 12 व्होल्टच्या पेट्रोल, डिझेल, सीएनजी गाड्यांसाठी आहे. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर नारंगी रंगाच्या जाड केबल दिसतील, त्यांच्या वाटेला जायचं नाही. आणि कुठल्याही गाडीत स्टेअरिंगखाली, सीटखाली पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे, त्यात मीटरची पिन घालायची नाही म्हणजे नाही.

सामान

डिजिटल मल्टीमीटर, पिवळा साधा चालतो, पण त्यावर 10 अँपचं वेगळं भोक आणि डीसी 200 मिलीव्होल्टची रेंज असली पाहिजे, ती पुढे लागणार आहे. दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप असलेल्या तीन वायरी. 10 नंबरचा पाना. एक स्क्रूड्रायव्हर. खायचा सोडा, जुना टूथब्रश, पॉलिश पेपर, व्हॅसलीन. दोन-चार जादा फ्यूज. आणि गाडीचं मॅन्युअल, जे ग्लोव्हबॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत अजून न उघडता पडलेलं असतं, कारण कुठला फ्यूज कशाचा ते त्यातच आहे.

घराच्या वायरमनकडचा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजतो तो) मागून आणू नका. तो बहुतेक वेळा फक्त एसी करंट मोजतो, गाडीत सगळं डीसी. डीसीवाला क्लॅम्प असेल तर उत्तमच, पण त्यातही बारीक करंट नीट दाखवेल असा महाग असतो.

आधी बॅटरीवरचा संशय मिटवा

गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी दरवाजे न उघडता जमलं तर भारी, पण बोनेट उघडायला एक दरवाजा उघडावाच लागतो, तेव्हा दरवाजा लावून पाच-दहा मिनिटं थांबा आणि मग बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावा, डीसी 20 व्होल्टवर. 12.6 किंवा जास्त म्हणजे बॅटरी भरलेली. 12.4 म्हणजे पाऊण. 12.2 म्हणजे अर्धी. 12 च्या खाली गेली की जवळजवळ रिकामी. आकडे बघायला चिल्लर वाटतात, अर्ध्या व्होल्टाने काय होतं असं वाटतं, पण 12 व्होल्टच्या बॅटरीत भरलेली आणि रिकामी यातला सगळा फरक त्या पाऊण व्होल्टातच असतो. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर मीटर उगाच जास्त दाखवतो, मग एक मिनिट हेडलाइट लावा, बंद करा, दोन-चार मिनिटं थांबा, मग मोजा.

आता घरातल्या कुणालातरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटरकडे बघत रहा. सेल्फ मारताना व्होल्टेज खाली येणारच, पण भरलेली बॅटरी साधारण 9.6 च्या खाली जाऊ नये. 12.6 दाखवणारी बॅटरी सेल्फ मारल्यावर 7-8 वर कोसळत असेल तर मात्र काका बरोबर, बॅटरी गेलीच आहे, पुढचं वाचायची गरज नाही.

आणि व्होल्टेज टिकतंय तरी सेल्फ रडतोय, तर टर्मिनल, म्हणजे बॅटरीच्या खांबांवर आवळलेली केबलची टोकं, बघा. हाताने हलवा, जरा जरी फिरलं तरी सैल. पांढरी-हिरवी बुरशी आलेली असते ती आधी साफ, बोट लावू नका, ॲसिड आहे. निगेटिव्ह आधी काढायचं, मग पॉझिटिव्ह, लावताना उलटं, पॉझिटिव्ह आधी आणि निगेटिव्ह शेवटी. हा क्रम कुणी धार्मिक कारणासाठी ठरवलेला नाही. गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते, पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला तर तिथेच वेल्डिंग होतं. निगेटिव्ह आधीच काढलेलं असेल तर पाना कुठेही टेकू दे. काढलेले टर्मिनल आणि बॅटरीचे खांब सोड्याच्या पाण्याने ब्रश मारून धुवा (पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ द्यायचं नाही), पुसा, पॉलिश पेपर मारा, लावून घट्ट करा, वरून व्हॅसलीनचा हात. कोकणातल्या गाडीला हे पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा केलं तरी कितीतरी रहस्यमय प्रॉब्लेम आपोआप जातात.

निगेटिव्ह काढल्यावर घड्याळ आणि रेडिओची चॅनल्स जातात, काही गाड्यांत पॉवर विंडोची एका दाबात वर जाणारी सोय परत शिकवावी लागते, आणि काही म्युझिक सिस्टीम कोड मागतात. कोड जवळ नसेल तर काढायच्या आधी शोधा.

चार्जिंग

हे पटकन होतं. गाडी चालू करा, हेडलाइट आणि एसीचा पंखा लावा, बॅटरीवर मोजा. साधारण 13.8 ते 14.5 आलं की ठीक. 13 च्या खाली राहिलं तर अल्टरनेटर, म्हणजे आपला डायनामो, किंवा त्याचा पट्टा. नवीन गाड्यांमध्ये ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, स्वतः ठरवतो कधी किती चार्ज करायचं, त्यामुळे तिथे आकडा खाली-वर पळताना दिसला तर घाबरू नका, दहा मिनिटं फिरवून परत बघा.

एक गोष्ट मात्र हात जोडून. चालू गाडीचं टर्मिनल काढून "बघा, गाडी बंद पडली नाही म्हणजे डायनामो चांगला" ही टेस्ट करू नका आणि कुणाला करू देऊ नका. जुन्या डिझेल जीपवर चालायचं ते. चालू गाडीतून बॅटरी अचानक काढली की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर खूप वर उडतं, आणि तो झटका खायला समोर ईसीयू, एअरबॅग मोड्युल, म्युझिक सिस्टीम सगळे बसलेले असतात.

माझ्या गाडीत बॅटरी नवीन, सेल्फ मारताना 10.4, चार्जिंग 14.2. सगळे निर्दोष. राहिला चोर.

गळती मोजायची तयारी

इथेच मी पहिला रविवार घालवला. मीटर लावला, आकडा आला 1.8 अँप, मी खूश, सापडलं म्हणून. काही सापडलं नव्हतं. दरवाजा उघडल्यावर आजकालची गाडी पूर्ण जागी होते, आतला दिवा, सेंट्रल लॉकिंगचं मोड्युल, डॅशबोर्ड, काहींचा तर पेट्रोल पंप पण दोन सेकंद गुरगुरतो. ती परत झोपायला कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास, काही गाड्या त्याहून जास्त वेळ घेतात. झोपायच्या आधी घेतलेला आकडा काहीच सांगत नाही.

तेव्हा असं करा. बॅटरी पूर्ण चार्ज असू दे. जिथे फ्यूज बॉक्स आहे तो दरवाजा उघडा ठेवावा लागेल (बहुतेक ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ एक असतो आणि बोनेटखाली दुसरा), पण गाडीला मात्र वाटलं पाहिजे की दरवाजा बंद आहे. दरवाजाच्या लॉकमधलं खटकं स्क्रूड्रायव्हरने दाबून दोन वेळा क्लिक होईपर्यंत फिरवा, आतला दिवा विझेल. जुन्या गाडीत दरवाजाच्या चौकटीत रबराचं बटण असतं, ते चिकटपट्टीने दाबून ठेवा. आणि काम झाल्यावर दरवाजा आपटायच्या आधी हँडल ओढून ते खटकं मोकळं करायला विसरू नका, नाहीतर लॉक आणि चौकटीतला लोखंडी आकडा यांची टक्कर होते आणि मग करंट राहिला बाजूला, डेंटर शोधावा लागतो. बोनेटला सेन्सर असेल तर त्याचीही तीच समजूत काढा.

बटण स्टार्टची गाडी असेल तर चावी घरात ठेवून या, खिशात नको. चावी जवळ असली की गाडी पुन्हा पुन्हा जागी होते. फ्यूज बॉक्सचं झाकण आत्ताच काढून ठेवा. डिकी उघडी ठेवू नका. ओबीडी पोर्टमध्ये (मेकॅनिक स्कॅनर लावतात ते सॉकेट) ब्लूटूथचा डोंगल लावलेला असेल तर आत्ता तसाच राहू द्या, तो पण संशयित आहे, पुरावा आधीच हलवायचा नाही.

मीटर जोडणं

मीटरची लाल वायर 10 अँपच्या भोकात, काळी COM लिहिलेल्या भोकात, नॉब 10 अँपवर. मिलीअँपच्या भोकात लावू नका, आतला छोटा फ्यूज पहिल्याच फटक्यात उडतो.

हे मोजमाप बॅटरीच्या दोन टोकांवर करायचं नसतं, वाटेत मीटर घालायचा असतो. म्हणजे निगेटिव्ह टर्मिनल काढायचं आणि बॅटरीचा निगेटिव्ह खांब आणि काढलेली केबल यांच्या मध्ये मीटर. अँपच्या भोकात वायर असताना मीटर चुकून प्लस-मायनसवर लावला तर तो सरळ शॉर्ट, ठिणग्या, मीटर खलास, कधी कधी बोटं पण. म्हणून मोजून झालं की पहिलं काम लाल वायर परत व्होल्टच्या भोकात.

आता एक युक्ती. टर्मिनल काढून लावलं की गाडी परत जागी होते, आणि जागं होताना घेतलेला झटका स्वस्त मीटरला झेपत नाही. त्यामुळे निगेटिव्ह काढायच्या आधीच एक क्रोकोडाइल वायर बॅटरीच्या खांबापासून केबलच्या क्लॅम्पला जोडून घ्या, मग क्लॅम्प उचला. करंट त्या वायरीतून चालूच राहतो. मग उरलेल्या दोन वायरी वापरून मीटर पण त्याच दोन ठिकाणी जोडा. आता मीटर आणि वायर शेजारी-शेजारी. चाळीस मिनिटं जा, चहा प्या, क्रिकेट बघा. परत येऊन फक्त ती मधली वायर काढा, आता सगळा करंट मीटरमधून जाणार आणि गाडी झोपलेलीच राहणार. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, चावी ऑन करायची नाही, दरवाजा पण उघडायचा नाही. सेल्फला शेकडो अँप लागतात, आपला मीटर दहाचा.

आकडा काय सांगतो

10 अँपच्या रेंजवर 0.03 दिसलं म्हणजे 30 मिलीअँप. घड्याळ, अलार्म, इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा), ईसीयूची मेमरी यांना थोडं लागतंच, 20 ते 50 मिलीअँपपर्यंत बहुतेक गाड्यांमध्ये चालतं. 0.03 धरलं तर दिवसाला पाऊण अँप-अवर (अँप गुणिले तास) सुद्धा जात नाही, छोट्या गाडीची 35 अँप-अवरची बॅटरी अर्ध्यावर यायला तीन आठवड्यांपेक्षा जास्त लागतात. म्हणूनच 2020 च्या लॉकडाउनमध्ये एकदम धडधाकट गाड्याही महिन्याभराने उठल्या नाहीत, त्यात कुणाचा दोष नव्हता.

माझ्याकडे आला 0.33. दहापट. आता गुणाकार करा, 24 तासांत जवळजवळ 8 अँप-अवर. शुक्रवारी संध्याकाळी सातला गाडी लावली आणि सोमवारी सकाळी आठला काढली तर 61 तास, 20 अँप-अवर गेले. पस्तीसातले वीस. आणि रोजच्या वीस मिनिटांच्या ऑफिस-घर फेरीत बॅटरी पूर्ण भरत पण नसणार. सोमवारच का, ते एका गुणाकारात कळलं.

आकडा स्थिर आहे की नाचतोय ते पण बघा. एकाच आकड्यावर चिकटलेला असेल तर एखादा दिवा, रिले (करंटवर चालणारा स्विच) किंवा ॲक्सेसरी चालू राहिलीय. दर काही सेकंदांनी उसळी मारत असेल तर कुठलंतरी मोड्युल झोपतच नाहीये. छोटा 5 वॅटचा डिकीतला बल्ब सुद्धा 0.4 अँप खातो हे लक्षात ठेवा.

फ्यूज काढायचे नाहीत, फ्यूजवर मोजायचं

सगळे सांगतात एकेक फ्यूज काढा आणि आकडा कधी पडतो ते बघा. जुन्या गाडीत हे चालतं. नव्या गाडीत एक फ्यूज काढला आणि लावला की त्याच्यावरचं मोड्युल जागं होतं, ते बाकीच्यांना पण उठवतं, आणि तुम्ही परत चाळीस मिनिटं चहा पित बसता. मी असे सहा चहा प्यायलो.

चांगला मार्ग असा की अँपवालं मोजमाप संपवा. आधी ती मधली वायर परत जोडा, मग मीटर सोडवा, टर्मिनल तसंच वायरवर लटकू दे किंवा वायर असतानाच क्लॅम्प परत बसवा. मीटरची लाल वायर व्होल्टच्या भोकात, नॉब डीसी 200 मिलीव्होल्टवर. आता प्रत्येक ब्लेड फ्यूजच्या पाठीवर बघा, दोन बाजूला दोन बारीक उघडे धातूचे ठिपके असतात, ते मीटरच्या पिना टेकवायलाच ठेवलेत. फ्यूज जागेवरच राहू दे, दोन ठिपक्यांवर दोन पिना टेकवा. करंट जात नसेल तर 0.0. जात असेल तर थोडं काहीतरी येईल, कारण फ्यूजच्या पट्टीला बारीकसा रेझिस्टन्स असतोच.

ढोबळ हिशोब असा. 10 अँपच्या लाल फ्यूजवर 0.1 मिलीव्होल्ट म्हणजे साधारण 13-14 मिलीअँप. 15 च्या निळ्यावर साधारण 21-22. 20 च्या पिवळ्यावर 30 च्या आसपास. फ्यूजचा आकार आणि कंपनी बदलली की थोडं इकडे-तिकडे होतं, पण आपल्याला अचूक आकडा नकोच आहे, कुठला फ्यूज बोलतोय एवढंच हवंय.

पिना टोकदार हव्यात, हात स्थिर हवा. ठिपका आणि शेजारचा फ्यूज यांच्यात पिन आडवी पडू देऊ नका.

आतल्या बॉक्समधले सगळे फ्यूज मोजत गेलो. 0.0, 0.0, एकावर 0.1, परत 0.0. आणि मग एका निळ्या 15 च्या फ्यूजवर 1.4. म्हणजे 300 मिलीअँप! मॅन्युअलमध्ये बघितलं तर तो आतला दिवा, डिकीचा दिवा, ओबीडी पोर्ट आणि ऑडिओ या सगळ्यांचा मिळून. हीच गंमत असते, फ्यूज गल्ली दाखवतो, घर आपणच शोधायचं.

त्या गल्लीतला नेमका कोण

परत मीटर 10 अँपवर बॅटरीच्या वाटेत, तीच वायरची युक्ती, तेच थांबणं. आणि आता त्या फ्यूजवरच्या एकेका वस्तूचं कनेक्शन काढत जायचं, सोपं ते आधी. यावेळी एखादा दरवाजा उघडून आत हात घालावा लागला तर तो खटक्याचा उपाय त्याही दरवाजाला करून ठेवा.

डिकीचा दिवा बंद होतो का हे बाहेरून कळत नाही, तर मोबाईलवर व्हिडिओ चालू करून मोबाईल डिकीत ठेवा आणि डिकी बंद करा, एका मिनिटाने काढून बघा. अंधार दिसला तर दिवा निर्दोष. ग्लोव्हबॉक्सलाही तेच. हे मीटर लावायच्या आधी करून टाकलं तर आणखी बरं, अर्ध्या लोकांचं काम इथेच संपेल.

ओबीडी डोंगल काढा. त्या पोर्टच्या 16 नंबरच्या पिनवर बॅटरीचा करंट कायम असतो, गाडी बंद असली तरी, त्यामुळे लोक स्कॅन करून डोंगल तिथेच विसरतात आणि तो महिनोन्‌महिने चरत राहतो. डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, बाहेरून बसवलेला अलार्म, पायाखालच्या एलईडी पट्ट्या, मागचा कॅमेरा, डिकीतला अँप्लिफायर, हे सगळे कंपनीने नाही, आपण बसवलेले नातेवाईक, चौकशी यांच्यापासूनच सुरू करायची. फास्टॅगचं पण एकाने मला विचारलं होतं. नाही हो, त्याला गाडीची वायरच नसते, टोलवरच्या रीडरच्या लहरींवर चालतो तो.

माझ्याकडे दिवा ठीक, डोंगल नव्हता, राहिली म्युझिक सिस्टीम. मी सेकंडहँड घेतलेल्या गाडीत आधीच्या मालकाने मोठ्या स्क्रीनची अँड्रॉइड सिस्टीम बसवून घेतली होती. ती चावी काढली तरी बंद व्हायची नाही, बटण दाबून बंद करावी लागायची, आणि मला इतके महिने वाटत होतं की हे फीचर आहे. गाडी बंद करून पण गाणी ऐकता येतात, वा! बटण दाबल्यावर स्क्रीन काळी व्हायची, पण आतला प्रोसेसर टक्क जागा.

फ्रेम काढून सिस्टीम बाहेर ओढली, मागचं कनेक्टर उपटलं, मीटर 0.33 वरून 0.02.

दुरुस्ती, आणि मूळ कारण

बाजारातल्या म्युझिक सिस्टीमला बहुतेक तीन वायरी महत्त्वाच्या असतात. पिवळी म्हणजे कायम करंट, मेमरीसाठी. लाल म्हणजे चावी फिरवल्यावरच येणारा करंट, यावरून सिस्टीमला कळतं की आता उठायचं, आता झोपायचं. काळी अर्थिंग. माझ्या गाडीत लाल आणि पिवळी एकत्र पिळून वर काळी चिकटपट्टी. म्हणजे सिस्टीमच्या दृष्टीने माझी चावी कायम ऑनच.

आता इथे लाल सोडवून दुसरीकडे जोडली की झालं असं वाटतं, पण मला प्रश्न पडला की बसवणाऱ्याने असं केलंच का, एवढं तर कुणालाही कळतं. गाडीच्या मूळ कनेक्टरमधली चावीवरची वायर शोधून मीटर लावला, चावी बंद असताना 0, पहिल्या टप्प्यावर पण 0. तिथे 12 यायला पाहिजे होतं. मॅन्युअलमध्ये ती लाइन सिगारेट लायटरच्या फ्यूजवर, आणि तो फ्यूज उडालेला! लायटरचं सॉकेट चालत नाही हे मला माहीत होतं, मोबाईल चार्जर मी दुसरीकडून लावत होतो. सॉकेटमध्ये टॉर्च मारली तर स्वस्तातल्या कुठल्यातरी चार्जरचं पुढचं धातूचं टोक तुटून आत आडवं पडलेलं. त्याने शॉर्ट झाला, फ्यूज उडाला, बसवणाऱ्या पोराला चावीवरचा करंट मिळाला नाही, त्याने फ्यूज बघायच्या ऐवजी दोन वायरी पिळल्या, आणि मी त्याची किंमत एका नव्या बॅटरीने भरली.

काम मग सोपं. निगेटिव्ह काढलं. सॉकेटमधलं टोक चिमट्याने उचललं. लायटरचा निळा 15 चा फ्यूज नवीन, जेवढ्याचा होता तेवढ्याचाच, मोठा नाही, आणि तार गुंडाळून तर कधीच नाही, कारण मग फ्यूजच्या ऐवजी वायर जळते आणि ती डॅशबोर्डच्या आत असते. लाल वायर पिवळीपासून वेगळी करून चावीच्या लाइनला जोडली, नुसती पीळ मारून नाही, सोल्डर करून वर श्रिंक स्लीव्ह चढवून लायटरने आवळली. सोल्डरिंग नसेल तर दाबून बसवायचे क्रिम्प कनेक्टर मिळतात, ते पण टिकतात. चिकटपट्टी उन्हात विरघळून गळते, मे महिन्यात डॅशबोर्ड किती तापतो ते सांगायला नको.

सगळं लावलं, परत चाळीस मिनिटं थांबून मोजलं. 0.02. ही शेवटची मोजणी टाळू नका, कधी कधी दोन चोर असतात.

कुठल्याच फ्यूजवर काही नाही आलं तर

आतल्या बॉक्सनंतर बोनेटखालच्या बॉक्सचे सगळे फ्यूज मोजा. तिथेच रिले पण असतात, छोटे चौकोनी डबे. गाडी तासभर उभी असताना एकेकावर बोट ठेवा, एखादा कोमट लागला तर त्याच्या कॉइलला करंट येतोय, आणि तो कुठून येतोय ते शोधायचं. थंडच आहे पण आतले पॉइंट चिकटलेत असंही होतं, तेव्हा त्याच नंबरचा शेजारचा रिले अदलाबदल करून बघा.

अल्टरनेटर हा असा एक गडी आहे जो आतल्या फ्यूज बॉक्समध्ये सापडत नाही. त्याच्यातला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेला की बॅटरीचा करंट उलटा त्याच्यातून वाहतो. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी अल्टरनेटर कोमट लागला तर शंका घ्या. खात्रीसाठी निगेटिव्ह काढून अल्टरनेटरच्या मागची जाड वायर सोडवायची, तिचं टोक चिकटपट्टीने पूर्ण गुंडाळायचं (निगेटिव्ह परत लावल्यावर त्या टोकात थेट बॅटरी असते), मग मीटर लावायचा. आकडा पडला तर अल्टरनेटर उतरवून वाइंडिंगवाल्याकडे, डायोड प्लेट बदलून मिळते, अख्खा नवीन लागतोच असं नाही.

आणि उंदीर. पावसाळ्यात गरम इंजिनवर येऊन बसतात आणि वायरींचं कव्हर कुरतडतात, दोन उघड्या वायरी ओल्या झाल्या की गळती फक्त पावसाच्या दिवशी. कोरड्या रविवारी मोजून काही सापडणार नाही. बोनेटखाली लेंड्या, चिंध्या दिसल्या तर तिथून वायरिंग हाताने चाचपत जा.

एवढं करून हात टेकले तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जाच, पण "बॅटरी उतरते हो" एवढंच सांगू नका, तो पण आधी बॅटरीच बदलायला सांगेल. "दादा, गाडी झोपल्यावर 0.33 अँप खेचतेय, निळ्या 15 च्या फ्यूजवर 1.4 मिलीव्होल्ट येतंय, दिवा आणि डोंगल काढून बघितलाय" असं कागदावर लिहून द्या. तो एकदा तुमच्याकडे बघेल, एकदा कागदाकडे, आणि मग थेट त्या फ्यूजपाशी जाऊन बसेल.